बुरशी आलेल्या कॅसेटमधून बँडची जुनी गाणी काढताना: आधी काय, मग काय

गणपतीला गावी आलेला माणूस मखराचं सामान काढायला माळ्यावर चढतो आणि मागे बुटांचा खोका सापडतो. खोक्यात आठ-दहा कॅसेट. कॉलेजात असताना ज्या बँडमध्ये वाजवायचो, त्या बँडच्या. कुठल्या कंपनीशी करार नव्हता, बाजारात काही आलं नाही, त्यामुळे जे काही रेकॉर्ड झालं ते एवढंच. रात्री आरती आटोपली की कुणीतरी काकांचा टेपरेकॉर्डर काढतं आणि 'प्ले' दाबतं. पंधरा सेकंदांत आवाज बुजतो. दोन मिनिटांत फीत रोलरला गुंडाळली जाते.

आमच्या अकरा कॅसेटपैकी दोन अशाच गेल्या. त्यानंतर रत्नागिरी ते सावंतवाडी या पट्ट्यातल्या मित्रांच्या बऱ्याच कॅसेट हाताखालून गेल्या आणि तीच चूक पुन्हा पुन्हा दिसली. काम अवघड नाही. फक्त क्रम चुकला की कॅसेट परत येत नाही. प्रोग्रेसिव्ह रॉकवाल्यांना जरा जास्त जपावं लागतं. वीस-वीस मिनिटांची गाणी, मधेच कुजबुजीएवढे हलके भाग, सात नाहीतर पाच मात्रांचे ठेके, आणि हे सगळं दुरुस्तीच्या नावाखाली बिघडवायला फार सोपं.

आणखी एक. सापडली गणपतीत, तरी काम गणपतीत करू नका. पावसाळ्यात आपल्याकडे हवेत इतकं पाणी असतं की सुकवलेली कॅसेट संध्याकाळपर्यंत पुन्हा दमट. डिसेंबर ते फेब्रुवारी हे कामाचे दिवस. तोवर खोका माळ्यावरून उतरवून घरातल्या सगळ्यात कोरड्या कपाटात ठेवा.

१. हात लावण्याआधी

प्रत्येक कॅसेटचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा. आतल्या कागदाचेही काढा, मागची बाजू धरून. पेनने लिहिलेलं पुसट झालं असेल तर तिरक्या उजेडात फोटो घ्या. 'डॉल्बी बी', 'क्रोम', 'रिहर्सल, दुसरा टेक' असं काही लिहिलेलं असेल तर पुढे त्याचाच आधार आहे. ('डॉल्बी बी' म्हणजे फितीचा सुसकारा कमी करण्याची सोय, मिरवणुकीतली भिंत नव्हे; 'क्रोम' हा फितीचा एक प्रकार.)

मग कॅसेटच्या वरच्या कडेचे दोन्ही चिमुकले टॅब मोडा. ते शाबूत असताना चुकून 'रेकॉर्ड' दाबलं गेलं तर तेवढा तुकडा कायमचा पुसला जातो. टॅबच्या जागी सेलोटेप चिकटवलेली असेल तर ती काढा.

आता कॅसेट उजेडात धरून तिच्या खिडकीतून फितीच्या गुंडाळीकडे बघा आणि तीन ढीग करा: स्वच्छ, पांढरी भुकटी दिसणारी, आणि फीत सुरकुतलेली किंवा तुटलेली. काम स्वच्छ ढिगापासून सुरू करायचं, तेही सगळ्यात कमी महत्त्वाच्या कॅसेटपासून. गाजलेल्या गाण्याची कॅसेट सगळ्यात शेवटी. तोवर हात बसलेला असतो.

सावधान: बुरशीवाली कॅसेट स्वच्छ कॅसेटबरोबर एका खोक्यात ठेवू नका. आजवर ठेवली असली तरी आजपासून नको.

२. सुकवणं

घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा घ्या. तळाशी सिलिका जेलच्या पुड्या, वर जाळी, जाळीवर कॅसेट त्यांच्या डब्यांतून बाहेर काढून उभ्या. रंग बदलणारं सिलिका जेल मिळालं तर उत्तम, ओलावा भरला की कळतो. आठ-दहा दिवस द्या, बुरशी जास्त असेल तर तीन आठवडे. घाई करून काही मिळत नाही.

बुरशी ओली आणि चिकट असेल तोवर पुसायला गेलात की फितीवर फासली जाते. सुकून भुकटी झाली की झटकून निघते. या पायरीचं काम एवढंच.

लोक काय काय करतात बघा. उन्हात ठेवतात. कॅसेट म्हणजे आमसुलं नव्हेत, अंगणात वाळत घालायला. उन्हाने कवच वाकतं आणि फितीच्या गुंडाळीला पीळ पडतो. तांदळात पुरतात, मग कोंडा आत जातो. डांबरगोळ्या टाकतात. त्यांच्या वाफेने कॅसेटच्या पारदर्शक डब्याचं प्लॅस्टिक मऊ आणि चिकट होऊ शकतं. आणि कुणीतरी वाचलेलं असतं की टेप ओव्हनमध्ये भाजायची असते. तो उपाय ठरावीक काळातल्या, ठरावीक रसायनाच्या मोठ्या रिळांसाठी आहे, घरच्या कॅसेटसाठी नाही.

पुराचं पाणी लागलेल्या कॅसेटचा नियम मात्र उलटा. २०२१ च्या जुलैत चिपळूणला वाशिष्ठीचं पाणी घराघरांत शिरलं तेव्हा अनेकांनी चिखलाच्या कॅसेट आधी सुकवल्या आणि चिखल फितीवर सिमेंटसारखा बसला. चिखलाची कॅसेट ओलीच ठेवायची, स्वच्छ थंड पाण्यात धुवायची, शेवटचं विसळणं डिस्टिल्ड वॉटरने करायचं, आणि मग सावलीत, पंख्याच्या हलक्या वाऱ्यात सुकू द्यायची. पाणी कवचात अडकतं, म्हणून स्क्रूवालं कवच लगेच उघडा. फ्रिझरमध्ये ठेवू नका.

३. बुरशी काढणं

एन-९५ मास्क आणि हातमोजे घाला आणि काम पडवीत किंवा खळ्यात करा. घरात दम्याचा रुग्ण असेल तर त्याला लांब ठेवा. बुरशीची भुकटी छातीत गेली की दोन दिवस खोकला जात नाही, हे मी विनामास्क शिकलो.

गुंडाळीच्या कडांवरची भुकटी मऊ ब्रशने झटका. मग फितीचा तोंडाजवळचा भाग मायक्रोफायबरच्या कोरड्या फडक्यात अगदी हलका धरा आणि दुसऱ्या चाकात षटकोनी पेन्सिल घालून फीत हळूहळू गुंडाळा. हो, तीच शाळेतली पेन्सिल. फडक्याची जागा दर मिनिटाला बदला. एक बाजू पूर्ण झाली की उलट दिशेने पुन्हा. सी-९० मध्ये, म्हणजे ९० मिनिटांच्या कॅसेटमध्ये, साधारण १३५ मीटर फीत असते, म्हणजे एक कॅसेट म्हणजे निवांत तासभर. गप्पा मारायला कुणीतरी बसवा.

तपासणी: दुसऱ्या फेरीत फडक्यावर पांढरं येतंय की तपकिरी? पांढरं म्हणजे बुरशी, अजून एक फेरी करा. तपकिरी म्हणजे फितीवरचा चुंबकीय थरच निघतोय. लगेच थांबा. ती कॅसेट बाजूला ठेवा आणि जाणकाराला दाखवा.

४. कवच बदलणं

जुन्या कॅसेटच्या आत फितीला हेडवर, म्हणजे यंत्रातल्या आवाज वाचणाऱ्या भागावर, दाबणारा फेल्टचा छोटा पॅड असतो. आपल्या खाऱ्या दमट हवेत त्याचा गोंद सुटतो, पट्टीला गंज धरतो. पॅड पडलेला असेल तर आवाज दबका आणि लाटांसारखा येतो, आणि लोक म्हणतात 'रेकॉर्डिंगच वाईट होतं'. रेकॉर्डिंग बरं असतं. पॅड पडलेला असतो.

पाच स्क्रूवाली एक चांगल्या स्थितीतली फालतू कॅसेट घ्या. दोन्ही कवचं टेबलावर सपाट ठेवून उघडा आणि जुन्या फितीची दोन्ही चाकं उचलून नव्या कवचात ठेवा. आतले पातळ कागद आणि कोपऱ्यांतले रोलर विसरू नका. चिकटवून बंद केलेलं कवच असेल तर सांध्यावर कटर अगदी वरवर चालवत उघडायचं. पातं आत घुसलं की फीत कापली.

सावधान: क्रोम, म्हणजे टाइप २ कॅसेटला टॅबच्याच कडेला जास्तीच्या खाचा असतात. डेक, म्हणजे कॅसेट वाजवणारं यंत्र, त्या चाचपून ठरवतो की वाजवताना कुठलं इक्वलायझेशन (वरच्या-खालच्या सुरांचा तोल) लावायचं. क्रोमची फीत साध्या कॅसेटच्या कवचात घातलीत तर डेक फसतो: ७० मायक्रोसेकंदांऐवजी १२० लावतो, वरचे सूर टोचायला लागतात आणि सुसकारा वाढतो. जिचं कवच वापरणार ती कॅसेट त्याच प्रकारची घ्या, किंवा हाताने प्रकार निवडता येईल असा डेक शोधा.

५. डेक तयार करणं

यूएसबीची वायर असलेला स्वस्त प्लेअर घेऊ नका. त्यांचा वेग डगमगतो आणि हेड हवं तसं जुळवता येत नाही. जुना, धडधाकट, ऑटो-रिव्हर्स (बाजू आपोआप बदलण्याची सोय) नसलेला डेक दुरुस्त करून घ्या. बहुतेकांचे रबरी पट्टे वितळून काळा डांबर झालेला असतो, ते बदलावेच लागतात.

हेड आणि फीत ओढणारी लोखंडी दांडी, कॅप्स्टन, आयसोप्रोपिल अल्कोहोलने, कापसाच्या काडीने पुसा. फीत त्या दांडीवर दाबणाऱ्या रबरी पिंच रोलरला साबणाचं हलकं पाणी पुरतं. दर कॅसेटनंतर हे पुन्हा. बुरशीवाल्या कॅसेटनंतर दर बाजूला.

मग एक बिनमहत्त्वाची कॅसेट पूर्ण वाजवून बघा. नाट्यसंगीताची असली तरी चालेल, फक्त आजोबांची लाडकी नको.

विजेचं काय? फीत चालू असताना वीज गेली की पिंच रोलर फितीवर दाबलेला तसाच राहतो, आणि वीज आल्यावर फीत खाल्ली जाते. बत्ती गुल झाली की पहिलं काम 'स्टॉप' दाबणं. इन्व्हर्टरवर डेक चालवणार असाल तर आधी ऐकून बघा. साध्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरची गुणगुण रेकॉर्डिंगमध्ये उतरते. लॅपटॉप मात्र बॅटरीवरच चालवा, चार्जर काढून. निम्मी घरघर तिथेच जाते.

६. अझिमथ आणि डॉल्बी

लोक सगळ्यात जास्त इथे चुकतात, म्हणून जरा सावकाश वाचा.

तुमची कॅसेट ज्या टेपरेकॉर्डरवर भरली गेली, त्याचं हेड फितीला नेमक्या काटकोनात असेलच असं नाही. हा कोन म्हणजे अझिमथ. केसभर तिरकं असलं तरी तुमच्या डेकवर झांजांची लकाकी जाते आणि सगळं गोधडीखालून ऐकू आल्यासारखं वाटतं. उपाय इक्वलायझर नव्हे. हेडच्या बाजूला एक स्प्रिंगवाला छोटा स्क्रू असतो. त्याची मूळ जागा पेनने खूण करून ठेवा. हेडफोन लावा, आवाज मोनो (डावा-उजवा एकत्र) करा, हाय-हॅट सलग वाजतोय असा तुकडा शोधा, आणि स्क्रू अगदी थोडा, पाव फेऱ्याहूनही कमी, मागे-पुढे फिरवा. एका जागी झांजा अचानक उजळतात. तीच जागा. मोनो यासाठी की डाव्या-उजव्या बाजूंत वेळेचा फरक असेल तर मोनोत वरचे सूर एकमेकांना खातात आणि चूक लगेच उघडी पडते.

हे दर कॅसेटला, दर बाजूला करायचं. एका कॅसेटवर तीन वेगळ्या रिहर्सल तीन वेगळ्या यंत्रांवर भरल्या असतील तर तीनदा.

डॉल्बी आता. ती भरताना वरचे सूर वाढवते आणि वाजवताना तेवढेच दाबते. आवाज नुसता सुसकाऱ्याचा आणि वर टोचणारा असेल तर कदाचित डॉल्बीने भरलेली आहे. डॉल्बी लावल्यावर मढ्यासारखी झाली तर बहुधा डॉल्बीने भरलेली नाही. कागदावर लिहिलेलं असेल तरी कानाने खात्री करा, कारण बटण दाबायला विसरणारे तेव्हाही होते. मात्र आधी अझिमथ, मग डॉल्बी. अझिमथ चुकलेला असताना डॉल्बी लावून बघितलीत तर खरीखुरी डॉल्बीची कॅसेटही मेलेली वाटेल. फीत धडधाकट असेल तर दोनदा उतरवून घ्या, एकदा डॉल्बी बंद ठेवून, एकदा चालू ठेवून.

आणि कधीकधी कॅसेट लावली की सगळं निम्म्या वेगाने, पाण्याखाली बुडाल्यासारखं येतं, आणि बाजू उलटली की उलटं वाजतं. कुडाळच्या एका कीबोर्डवाल्याने हे ऐकून 'ह्यां आमचां गाणां न्हय' म्हणत कॅसेट फेकायला काढली होती. ती पोर्टास्टुडिओची, म्हणजे चार ट्रॅक वेगवेगळे भरणाऱ्या छोट्या यंत्राची, कॅसेट होती. ही यंत्रं चारही ट्रॅक एकाच दिशेने भरतात, आणि त्यातली बरीचशी साध्या डेकच्या दुप्पट वेगाने. फेकू नका! हा तर सोन्याचा तुकडा. गिटार, कीबोर्ड, आवाज वेगवेगळे मिळतात. तसलं यंत्र मिळालं तर उत्तम. नाहीच मिळालं तर दोन्ही बाजू साध्या डेकवर उतरवा, कॉम्प्युटरवर वेग दुप्पट करा, दुसरी बाजू उलटी करा आणि हाताने जुळवा. लांब गाण्यात ट्रॅकच्या या दोन जोड्या हळूहळू सरकतात, म्हणून दर काही मिनिटांनी पुन्हा जुळवावं लागतं.

७. कॉम्प्युटरवर घेणं

डेकच्या 'लाइन आउट'मधून ऑडिओ इंटरफेसच्या 'लाइन इन'मध्ये. हेडफोनच्या भोकातून नाही, माइकच्या इनपुटमध्ये तर नाहीच. २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ, स्टीरिओ, डब्ल्यूएव्ही. मिनिटाला साधारण ३५ एमबी लागतात, म्हणजे सी-९० ला ३ जीबीच्या थोडं वर.

आधी फीत शेवटपर्यंत पुढे आणि पूर्ण मागे न्या, म्हणजे गुंडाळी सारखी बसते. मग सगळ्यात जोरात वाजणारा भाग शोधून लेव्हल लावा. शिखर उणे ६ डेसिबलच्या आसपास पुरे. प्रोग्रेसिव्ह गाण्याची सुरुवात बघून लेव्हल लावणारा फसतोच. तीन मिनिटं नुसती ॲकूस्टिक गिटार, आणि चौथ्या मिनिटाला ड्रम्स आले की लाल दिवा.

एकदा सुरू केलं की पूर्ण बाजू एका दमात घ्या. मधे गाणं संपल्यासारखं वाटलं तरी थांबवू नका. लांब रचनेत पाच सेकंदांची शांतता गाण्याचाच भाग असते. याच कारणासाठी शांतता बघून आपोआप तुकडे करणारं सॉफ्टवेअर इथे वापरू नका.

तपासणी: फाइल बंद करण्याआधी सुरुवात, मधला भाग आणि शेवट हेडफोनवर ऐका. डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना आवाज आहे? एक बाजू मधेच बुजली? बुजली असेल तर हेड पुसा आणि पुन्हा घ्या.

या मूळ फाइलला यापुढे कुणी हात लावायचा नाही. नावात कॅसेटचा क्रमांक, बाजू, डॉल्बी चालू की बंद, तारीख. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या गावी. एक प्रत माडबनात आणि दुसरी शेजारच्या मांगरात, याला दोन ठिकाणं म्हणत नाहीत.

८. वेग तपासणं

बॅटरीवरच्या टेपरेकॉर्डरची बॅटरी उतरत गेली की भरताना मोटर मंदावते, आणि आज वाजवताना तोच भाग भरधाव आणि उंच स्वरात येतो. बँडवाले म्हणतात, 'आम्ही काय वेगात वाजवायचो रे!' नव्हता वाजवत.

एक खूण म्हणजे विजेची गुणगुण. ॲम्प्लिफायरची ५० हर्ट्झची घरघर फितीवर उतरलेली असते. ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरच्या 'प्लॉट स्पेक्ट्रम'मध्ये शांत तुकडा टाका आणि ती कुठे दिसते बघा. पण फीत थांबवूनही ती तिथेच दिसत असेल तर ती तुमच्या आजच्या वायरिंगची आहे, त्या काळची नाही. शिवाय तेव्हा ग्रिडची फ्रिक्वेन्सी ५० वर ठाम नसायची, एखाद-दीड हर्ट्झ इकडेतिकडे सहज. म्हणून गुणगुणीवरून एवढंच ठरवा की वेग एकाच कॅसेटमध्ये बदलत गेला का.

नेमका वेग ठरवायला डिजिटल कीबोर्डचा स्वर घ्या. कुणी मुद्दाम हलवला नसेल तर त्याचा 'ए' ४४० हर्ट्झच असतो. गिटारवर भरवसा नको, अर्धा सूर उतरवून वाजवणारे पुष्कळ. कीबोर्डचा 'ए' ४५३ ला आला तर फीत सुमारे ३ टक्के वेगात आहे, म्हणजे अर्ध्या सेमीटोनच्या आसपास. दुरुस्ती 'चेंज स्पीड अँड पिच'ने, दोन्ही एकत्र. नुसती पट्टी बदलून ठेका तसाच ठेवलात तर गाणं पोटातून खोटं वाटतं.

९. साफसफाई आणि जोडकाम

इथे कमीत कमी करा. सुसकारा ३ ते ६ डेसिबल कमी केला की थांबा. जास्त दाबलंत तर झांजांचा शेपटा आणि स्ट्रिंग्जचे लांब सूर भांड्यात पाणी हलल्यासारखे होतात. काढलेला आवाज वेगळा ऐकण्याची सोय सॉफ्टवेअरमध्ये असते. त्यात गाण्याचा एकही स्वर ऐकू आला तर तुम्ही जास्त काढलंय.

ऑटो लेव्हल (आवाज आपोआप कमी-जास्त करण्याची सोय) असलेल्या टेपरेकॉर्डरवर भरलेल्या रिहर्सलमध्ये ड्रम पडला की सगळं दबतं आणि हळू हळू वर येतं. हे मागे फिरवता येत नाही. सोडून द्या.

गाणं दोन बाजूंत तुटलेलं असेल तर जोडण्याआधी दोन्ही बाजूंचा वेग जुळवा, मग आवाजाची पातळी, मग सुसकाऱ्याचा पोत. जोड ड्रमच्या ठोक्यावर ठेवा. मधल्या मात्रा खरोखर गेल्या असतील तर त्या बनवू नका, तिथे हलका फेड द्या.

आमच्या एका गाण्याचा मधला भाग सात मात्रांचा आहे, रूपकासारखा तीन-दोन-दोन. एका शहरातल्या स्टुडिओने ते साफ करून पाठवलं तेव्हा दर चौथ्या आवर्तनात आठवी मात्रा होती. त्या माणसाला वाटलं, फीत उडाल्यामुळे मात्रा गळली. त्याने प्रेमाने भरून दिली. तेव्हापासून कुणालाही फाइल देताना सोबत चिठ्ठी देतो: किती मिनिटांवर किती मात्रा. आणि अंतिम प्रत ड्रमरला ऐकवल्याशिवाय पक्की करत नाही.

१०. बाहेर काढण्याआधी

आवाज उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या सरासरी जोराचं माप) आसपास, ट्रू पीक, म्हणजे सगळ्यात उंच शिखर, उणे १ डेसिबल. त्याहून मोठा करायच्या नादात हलके आणि जोरदार भाग एकाच उंचीवर येतात.

हक्कांचं मात्र कागदावर आणा. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात गाण्याची रचना, शब्द आणि ध्वनिमुद्रण हे वेगवेगळे हक्क आहेत. ध्वनिमुद्रणाचा मालक धरला जातो तो निर्माता, म्हणजे ज्याने पुढाकार आणि जबाबदारी घेतली तो. तेव्हा स्टुडिओचे पैसे कुणाच्या काकांनी दिले होते हे आज हसण्यावारी नेऊ नका, विचारून घ्या. सोडून गेलेला बेसवाला परदेशात असला तरी त्याची लेखी संमती घ्या, ईमेल चालेल. कुणी कंपनी पुढे आली आणि करारात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारत. हे दोन रकाने कोरे ठेवून सही करू नका.

उतरवून झालेल्या कॅसेट फेकायच्या नाहीत. सिलिका जेल बदला, डबा बंद करा, आणि पुढच्या मे महिन्यात, पाऊस लागण्याआधी, पुड्यांचा रंग एकदा बघून घ्या.